परत आल्यावर सही

आमच्या घरात इंग्रजीतलं काहीही आलं की ते माझ्यापुढे येतं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, बँकेचे मेसेज, आणि ज्यांच्या घरी मी वर्षातून एकदाही जात नाही अशा नातेवाइकांचे पासपोर्टचे फॉर्म. मला इंग्लिश मीडियमला घातलं आई-बाबांनी, पण त्याची वसुली अख्खी भावकी करते. मला नाही म्हणता येत नाही. समोरासमोर येत नाही आणि फोनवर तर त्याहून नाही, कारण फोनवर मी काही बोलायच्या आत समोरच्याचं बोलून झालेलं असतं.

मामाचा फोन आला तेव्हा रविवारची दुपार होती. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. भिवंडीजवळ पूर्णा गावाच्या बाजूला राहतो. आजोबांची भातशेती होती तिथे आता बहुतेक गोदामं आहेत, आणि जिथे नाहीत तिथे व्हायची आहेत.

"म्याडम," मामा म्हणाला. तो मला पहिलीपासून म्याडमच म्हणतो. "ती नवीन इमानाची कंपनी आली न, तिची चार तिकिटं काढ. गोव्याची. सेल हाय, आज संध्याकालपर्यंतच."

त्या कंपनीबद्दल माहीत नव्हतं असा माणूस तेव्हा भिवंडीत सापडला नसता. पडघ्याकडे जाताना हायवेवर तिची भली मोठी पाटी होती, केशरी रंगाची, त्यावर हसणारं एक कुटुंब आणि खाली ओळ, 'आता सगळेच उडणार'. मोबाइलवर काहीही बघायला घेतलं की आधी तीच जाहिरात. तिकिटाचा आकडा मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की मामाच्या मुलीच्या हळदीला जो डीजे आणला होता, त्याच्या एका तासाच्या पैशांत चौघं जण गोव्याला जाऊन आले असते.

"चार कोण?" मी विचारलं.

"मी, तुझी मामी, मोठी मावशी न् तुझी आयस. भयनींना इमानानं फिरवून आनतंय. आजा गेल्यापासून बिचाऱ्या कुठं गेल्या हाईत?" मग मागच्या कुणाला तरी काहीतरी ओरडून तो परत फोनवर आला. "बाकी काय घेऊ नको. खुर्ची निवडा, जेवान निवडा, सगल्याचं पैसं लावतान ते. फुकाटचं तेवढं घे. नावं पाठवतंय."

नावं आली ती फोटोत. कुठल्याशा टाइप केलेल्या कागदाचा फोटो होता, वर स्टँपपेपरचा हिरवट रंग. त्यात सगळ्यांची पूर्ण नावं आणि वयं ओळीनं होती, म्हणून मामाला तो सोयीचा वाटला असणार. त्यात दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं, हे मला आजही खरं वाटतं. लपवायचं असतं तर त्याने तो कागद मला पाठवलाच नसता. त्याच्या दृष्टीनं लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मी वाचायला लागले. इंग्रजीत असता तर दोन मिनिटांत झाला असता. सरकारी मराठी मला अडखळत वाचावं लागतं. 'लिहून घेणार' म्हणून मामाचं नाव. 'लिहून देणार' म्हणून मावशीचं आणि आईचं, वय, धंदा घरकाम. साक्षीदार म्हणून मामीचं. मग जमिनीचा गट नंबर, चतुःसीमा. मग हे की, आम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता, सदर मिळकतीतील आमचा हक्क व हिस्सा कायमचा सोडून देत आहोत. 'मोबदला' हा शब्द मी फोनवर शोधला. अंदाज होता, पण खात्री करून घ्यायची होती.

आमच्यात हे नवीन नाही. बाप गेला की सातबाऱ्यावर सगळ्या मुलांची नावं चढतात, मुलींचीही. मग एक दिवस भाऊ येतो, बहिणी ऑफिसात जाऊन हक्कसोडीवर अंगठा किंवा सही देतात, आणि भाऊ साडीचोळी करतो. साडी भारीतली असते. बायका ती पुढे वीस वर्षं दाखवतात. माझ्या एका आत्येनं तर ती साडी नेसून फोटो काढून फ्रेम केलाय. यंदा साडीच्या जागी विमान आलं होतं, एवढाच फरक. आणि विमान साडीहून स्वस्त पडत होतं.

तिकिटाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात उलटी मोजणी चालू होती, दहा मिनिटांत भरलं नाही तर भाव बदलणार. मामाचा पुन्हा फोन. झालं का? पुन्हा फोन. झालं का? मी फोटोत बघून नावं भरली. पहिल्या प्रवाशाचं आडनाव घातल्यावर 'सर्वांचं हेच आडनाव' अशा चौकटीत आधीच टिक केलेली होती. मी ती काढली नाही. डोळ्यांपुढे नावं नव्हतीच, 'मोबदला' हा एकच शब्द होता. शेवटचं बटण दाबलं. पैसे मामाने पाठवले होते. स्क्रीनवर केशरी फुगे उडाले आणि लिहून आलं, अभिनंदन, तुम्ही आता उडणार.

संध्याकाळी मी आईला तो फोटो दाखवला. ती पोह्यांतले खडे निवडत होती. तिने चष्मा न लावताच नजर टाकली.

"हो, म्हणाला होता तो," ती म्हणाली. "परत आल्यावर सोमवारी सही."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं."

"मग तू सही करणार?"

तिने ताट हलवून खडे एका बाजूला घेतले. "तिकडे जाकीट लागेल का गं? गोव्याला?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांचं पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, निजामपुऱ्यात. दिवसभर यंत्रांच्या आवाजात बसून त्यांना घरी आल्यावर शांतता लागते. "तुझ्या आईच्या माहेरचा विषय आहे," ते म्हणाले, "मी त्यात पडत नाही." एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मला दोघांचाही राग आला. पण माझा राग असा की तो कुणाला दिसत नाही. मी आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले.

मी स्वतः पूर्ण्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. न पोचता परत आलेली पार्सलं माझ्याकडे असतात. कुणाचा पिनकोड चुकलेला, कुणाच्या नावाच्या जागी नुसतंच 'पप्पू भाई', कुणाचा पत्ता 'मशिदीच्या मागे विचारणे'. मी ते दुरुस्त करून पुन्हा रवाना करते. आमच्या गोदामाच्या जिन्याच्या खिडकीतून मामाची ती जमीन दिसते. गोदामांच्या पत्र्यांमध्ये अडकलेला एक हिरवा तुकडा, त्यावर शेवग्याचं एक झाड, आणि बांधावर 'जागा भाड्याने देणे आहे'ची पाटी. त्या तुकड्यावर एक मोठी कंपनी गोदाम घेणार होती, पण वकिलाने सांगितलं होतं, कागद आधी साफ करा. कागद साफ करणं म्हणजे माझी आई आणि मावशी.

चुकलेली नावं शोधण्याचा मला पगार मिळतो. म्हणून पुढचं सांगताना लाज वाटते.

दोन आठवड्यांनी कंपनीचा मेल आला. काही परवानगी यायची राहिली होती म्हणून पहिलं उड्डाणच तीन आठवडे पुढे गेलं होतं. नवीन तारखा, नवीन तिकीट. मामा फोनवर तासभर त्या कंपनीच्या आयाबहिणी काढत होता, आणि मध्येच "तुना न्हाय गो बोलत" असं मला सांगत होता. त्याने वकिलाकडून सोमवारही पुढे घेतला. आईने मला तिकिटाचा कागद ऑफिसातून छापून आणायला सांगितला. तिला फोनवरचं तिकीट खरं वाटत नाही.

तो कागद तिने खिडकीच्या उजेडात धरला. तिला इंग्रजी अक्षरं येतात, पण एकेक लावून. बोट ठेवत ठेवत ती आपल्या ओळीवर आली आणि थांबली.

"हे कसं आलं?"

मी वाकून बघितलं. तिथे तिचं माहेरचं नाव होतं. लग्नाआधीचं, तिच्या बापाचं आडनाव लावलेलं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवीन नाव लिहायचं. बाबांनी जे लिहिलं तेच तेव्हापासून तिचं रेशनकार्डावर, मतदार यादीत, आधारवर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर. जुन्या नावाचा एकही कागद तिच्याजवळ नाही. माहेरीसुद्धा तिला कुणी त्या नावानं हाक मारत नाही, सगळे 'बाय' म्हणतात. ते नाव फक्त सातबाऱ्यावर आहे, कारण तलाठ्याने वारसांची नोंद केली ती आजोबांच्या जुन्या, आता रद्द झालेल्या रेशनकार्डावरून. वकिलाने ते सातबाऱ्यावरून उतरवलं, मामाने वकिलाच्या कागदावरून, आणि मी मामाच्या फोटोवरून. मावशीचंही तसंच झालं होतं.

"ह्या नावाचं कार्ड माझ्याकडे नाही," आई म्हणाली. "विमानात घेतील का?"

घेणार नव्हते. ते त्यांनी तिकिटाच्या तळाशी लिहिलंही होतं.

त्यानंतरचे आठ दिवस मी आयुष्यातून काढून टाकायला तयार आहे. आधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या यंत्राशी लिहून बोलले, कारण माणसाशी बोलायला नको होतं. ते यंत्र प्रत्येक वाक्याला 'आम्हाला तुमची काळजी आहे' म्हणायचं आणि मला सामानाचे नियम पाठवायचं. मी लिहिलं, नाव चुकलं आहे. त्याने विचारलं, आपण जेवण घेऊ इच्छिता का? शेवटी फोन लावला. गोदामाच्या जिन्यात उभी राहून चाळीस मिनिटं तीच ती धून ऐकली. मग एक मुलगा आला, दमलेला.

"मॅम, सेल फेअर में नेम चेंज अलाउड नहीं है. एक-दो अक्षर का फरक होता तो हम करते. ये तो पूरा अलग पॅसेंजर है."

"अलग नहीं है," मी म्हटलं. "मेरी मम्मी है."

"मम्मी का नाम आपने गलत डाला?"

 त्याला तरी काय सांगणार होते? त्याने मेल करायला सांगितलं. मी आईसाठी आणि मावशीसाठी मेल केला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, लग्नात बदललं. लिहिताना वाटत होतं की हे कुणा परक्याला सांगायचं कारण नव्हतं.

मामाला फोन करणं त्याहून वाईट होतं. तो आधी हसला. मग मामीला सांगितलं, आणि मला ऐकू येईल अशा आवाजात मामी म्हणाली, "पंधरा वर्सं इंग्लिश शिकली न् आयसचं नाव लिवता येत न्हाय." मग मामा परत आला. "जाव दे. तिकिटाचं बघू मंग. आता येत्या सोमवारीच सही तेवढी करून टाका दोघी. वकील थांबलाय."

मी फोन आईकडे दिला.

"दादा," आई म्हणाली. माहेरच्या माणसांशी बोलताना तिचा सूरच बदलतो. "परत आल्यावर ठरलं होतं न?"

"हां, पन आता जानं कुठं होतंय बाय?"

"तेच मी बोलतंय. गेलूच न्हाय तर परत कुठून येनार?"

मामा पुन्हा हसला. त्याला ती थट्टा वाटली. मलाही तेव्हा थट्टाच वाटली.

मावशीने मात्र त्या सोमवारी जाऊन सही करून टाकली. तिला मी विचारलं, तर म्हणाली, "मना दोन पाय धड न्हाईत. जमीन घेऊन मी कनाला नाचू?" वर हेही म्हणाली की विमानाची तिला भीतीच वाटत होती, बरं झालं. तिला साडी मिळाली. छान होती, मोरपंखी.

आणि मग तीन दिवसांनी कंपनीचा मेल आला. खऱ्या माणसाने लिहिलेला असावा, कारण त्यात एक शुद्धलेखनाची चूक होती. त्यात म्हटलं होतं की अपवाद म्हणून ते दोघींची नावं बदलून देतील. आधार आणि प्रतिज्ञापत्र बहात्तर तासांत पाठवा. उड्डाणाला अजून नऊ दिवस होते.

प्रतिज्ञापत्र कोर्टासमोरच्या टेबलावर अर्ध्या तासात होतं. आईचं आधार कपाटात होतं. मी तो मेल तीनदा वाचला आणि बंद केला. कुणाला सांगितलं नाही.

मला वाटलं, मी आईला वाचवतेय. विमान नाही तर सही नाही, हे तिनेच म्हटलं होतं. ती स्वतः होऊन भावाला कधीच नाही म्हणणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं, कारण मी म्हटलं नसतं. एखादी गोष्ट न करता होत असेल तर ती मला जमते. मेलला उत्तर न देण्यासाठी धीर लागत नाही. बहात्तर तास गेले. त्या दिवसांत आईने दोनदा विचारलं, "आलं का गं त्यांचं काही?" मी दोन्ही वेळा म्हटलं, नाही.

मामा-मामी दोघंच गोव्याला जाऊन आले. विमान अडीच तास उशिरा सुटलं, परतीचं दुसऱ्या दिवशी गेलं, आणि पिण्याच्या पाण्यालाही पैसे घेतले म्हणून मामीने आम्हाला दोन फोन केले. फोटोत दोघं त्या केशरी विमानाच्या शिडीवर उभे होते. आईने तो फोटो मोठा करून विमानाचं दार नीट बघितलं. दोन महिन्यांनी कंपनीने गोव्याची सेवाच बंद केली. हायवेवरच्या पाटीवर आता एका सिमेंटची जाहिरात आहे.

सही मात्र राहिली. मामा दर आठवड्याला फोन करायचा, आई दर वेळी तेच म्हणायची, परत आल्यावर. आधी तो हसायचा, मग हसेनासा झाला. मग मामी म्हणे भावकीत सांगू लागली की पोरीनं मुद्दाम नाव चुकवलं. मुद्दाम चुकवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ते सांगायला गेले असते तर पुढचं, जे खरंच मुद्दाम केलं होतं, तेही तोंडावर आलं असतं. म्हणून गप्प राहिले. घरात आईशी बोलताना मी चिडू लागले. ती सरळ नाही का म्हणत नाही? सरळ हो का म्हणत नाही? एकदा मी म्हटलंही, "कर ना एकदाची सही, सुटू दे." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून गेले.

भाऊबीज आली. आई दरवर्षीसारखी निघाली, करंज्यांचा डबा आणि ओवाळणीचं ताट कापडात बांधून. मी सोबत. मामाच्या नवीन बंगल्याच्या हॉलमध्ये पाट मांडला होता. मावशी मोरपंखी साडीत सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

आईने ओवाळलं. मामाने ताटात एक लांबट पाकीट ठेवलं.

"वाच म्याडम," तो मला म्हणाला, "आता तरी नाव बरोबर हाय कं?"

सगळे हसले. मी पाकीट उघडलं. दुसऱ्या एका जुन्या कंपनीचं तिकीट होतं. एकट्या आईचं नव्हे, आईचं आणि बाबांचंसुद्धा. शेजारी शेजारी खुर्च्या, एक खिडकीची. जेवण घेतलेलं. नाव आधारवरचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मामाने या वेळी कुणाकडून तरी नीट करून घेतलं होतं. मला वाईट वाटलं, कारण त्यात त्याची माया होती. नसती तर सोपं गेलं असतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. 

"सोमवारी सही, शुक्रवारी इमान," मामा म्हणाला.

"आधी इमान ठरलं होतं, दादा."

"तवा तिकिटं स्वस्त होती गो बाय!"

पुन्हा हसणं. आईही हसली. मग तिने ते पाकीट ताटातून उचलून पाटावर, मामाच्या गुडघ्याशी ठेवलं.

"मी सही न्हाय करत," ती म्हणाली. "राहू दे माझं नाव त्या सातबाऱ्यावर. तुला गोदाम बांधाचं तर बांध, जिथं माझी परवानगी लागंल तिथं मी देतंय. पन नाव काढू नको. ते दुसरीकडं कुठंच लिवलेलं न्हाय."

 मामा तिच्याकडे बघत राहिला, जणू ती दुसरीच कुणी बाई होती आणि चुकून या घरात शिरली होती. मावशीने सोफ्यावरून पाय खाली घेतले. मामीने करंज्यांचा डबा उघडला आणि पुन्हा लावला. मामा उठला, पाकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि "जेवून जावा" एवढं म्हणून बाहेर गेला. आम्ही जेवलो. मामीने वाढलं. मटण नेहमीसारखं चांगलं झालं होतं.

परतताना रिक्षात आई डबा मांडीवर घेऊन बसली होती. गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरांमुळे रस्ता तुंबला होता, रिक्षा जागची हलत नव्हती. मला वाटलं, आता सांगावं. हीच वेळ. ती जिंकली होती आणि माझाही त्यात हात होता, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

"आई, त्या कंपनीचं उत्तर आलं होतं. नाव बदलून देत होते. मी तुला सांगितलं नाही."

तिने ट्रेलरच्या मागच्या पाटीवरची नजर काढली नाही.

"का?"

"तू सही केली असतीस म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?" ती माझ्याकडे वळली. ती खरोखर चिडली होती. मामाच्या घरात चिडली नव्हती एवढी. "मी जाऊन आले असते ना गं. दादाबरोबर, ताईबरोबर, तीन दिवस. लग्नानंतर एकदा तरी गेलोय का आम्ही भावंडं कुठे? आणि परत आल्यावर सोमवारी नाही म्हटलं असतं. ते तर तू मला तो फोटो दाखवलास त्याच दिवशी ठरवलं होतं मी."

"मग मला सांगायचं ना!"

"तू सांगितलंस?"

रिक्षा दोन हात पुढे गेली आणि पुन्हा थांबली. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी आवाज खाली केला. "विमानात बसून परत येऊन नाही म्हणणं... ते बरं दिसलं असतं का?"

"हे बरं दिसलं?" ती म्हणाली. "भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळलेल्या ताटातून उचलून? तेव्हा म्हटलं असतं तर चार दिवस रुसला असता. आता वर्षभर ताणलं, त्याच्या मनात काय काय साठलं. ताईही गेली असती आमच्याबरोबर. सही करून बसली होती तरी एकदा गेली असती, कोण जाणे." ती थांबली. "आता मला कोण नेणार आहे?"

मी नेते, हे मला म्हणता आलं असतं. पगार होता, सुट्टी होती, नावही आता मला बरोबर लिहिता येत होतं. पण ते तिला नको होतं, हे त्या क्षणी मला स्पष्ट कळलं. तिला विमान नको होतं. तिला दादानं नेलेलं हवं होतं.

घराखाली रिक्षा थांबली. ती माझ्या आधी उतरली, डबा माझ्या हातात देऊन जिना चढायला लागली. शेजारच्या कारखान्यात लूमचा आवाज चालू होता. पहिल्या मजल्यावर थांबून तिने वळून न बघता विचारलं, "करंज्या त्यांनी घेतल्या का गं, की तशाच परत आल्या?"

मी डबा हलवून बघितला. भरलेलाच होता.